घर कुणाच्या नावावर?

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी कैऱ्या किसत बसले होते. २०२५ चा एप्रिल संपत आला होता, साखरांब्याचा पाक गॅसवर होता, आणि अशा वेळी वाजलेला फोन मी सहसा घेत नाही. पण मुंबईचा फोन, त्यातून माहेरचं माणूस! हात तसाच पदराला पुसला.

"ताई, एक सही हवी होती. एक दिवस गावी येऊन जाशील?"

सही म्हणजे हक्कसोडपत्रावरची. आमचं गाव राजापूर तालुक्यात, पाचलच्या बाजूला. तिथे आजोबांनी बांधलेलं जांभ्या दगडाचं घर आहे, मागे आगर, विहीर, थोडी काजूची झाडं. २०१३ साली आत्या गेली आणि घराला कुलूप लागलं ते लागलंच. आता एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याच्या वकिलाने म्हणे सगळ्यांच्या सह्या मागितल्या होत्या. "आणि ताई, बारा वर्षं झाली बघ कुलपाला. बारा वर्षं बंद राहिलेलं घर सरकारजमा होतं. त्यापेक्षा आपण मोकळे झालेलं बरं."

मी "बघते" म्हटलं. आपण बायका "बघते" म्हणतो त्याचा अर्थ बहुतेक वेळा "हो" असतो, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात "नाही" नव्हतंच. कोल्हापुरात चार खोल्यांचं घर आहे, मुलं मार्गी लागली, मला काय करायचंय तिथल्या काजूचं? शिवाय भावाशी वाकडं घेऊन माहेर कुणाला तोडायचं आहे?

आणखी एक गोष्ट मनात टोचत होती. १९९६ साली माझ्या नणंदेने आमच्या सासरच्या घरावरचा हक्क असाच सोडला होता. सकाळी रजिस्ट्रार कचेरीत सही केली, दुपारी जेवायला श्रीखंड-पुरी होती. मीच केली होती. तिला गढवाल साडी घेतली आणि ती हसतमुखाने गेली. कागदावर काय लिहिलंय ते तिने वाचलं नव्हतं. मीही नव्हतं. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

आमच्या भिशीत एक वकीलबाई आहेत. त्यांना सहज म्हणून हे सांगितलं, तर त्यांनी पोह्यांची बशी खालीच ठेवली. म्हणाल्या, "घर नुसतं बंद ठेवलं म्हणून कुणी सरकारजमा करत नाही हो. मालकाला एकही वारस नसेल तर ते सरकारकडे जातं. तुम्ही तर चांगले चौघं आहात." मग बारा वर्षांचं काय? तर ते असं की परका माणूस तुमच्या घरात उघडपणे, मीच मालक असं म्हणून, सलग बारा वर्षं राहिला आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर तुमचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो. तुमच्या सांगण्यावरून किल्ली सांभाळणारा शेजारी त्यात बसत नाही. आमच्या घरात तर वाळवीशिवाय कुणीच राहिलं नव्हतं!

"सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या, "पण आधी घर बघून या. आणि घर कुणाच्या नावावर आहे तेही बघून या. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत."

तेवढ्यासाठी आम्ही दोघं मेच्या पहिल्या आठवड्यात निघालो.

कोल्हापूरहून मलकापूरमार्गे अणुस्कुरा घाटाने खाली उतरलं की थेट आमच्याच गावाकडे जाता येतं. हा जुना रस्ता. राजापूर पूर्वी मोठं बंदर होतं, इंग्रजांची तिथे वखार होती, शिवाजी महाराजांनी १६६१ साली ती लुटली हे आपण शाळेत वाचलेलं आहे. त्या बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून याच घाटाने वर देशावर येत असे. आता एसटी जाते. मलकापूरपर्यंत ऊस दिसत राहतो, मग झाडी दाट होते, आणि घाटाच्या तोंडाशी एका वळणावर सगळं कोकण एकदम खाली पसरलेलं दिसतं. मला दर वेळी तिथे पोटात कालवतं. 'हे' म्हणाले, वळणांमुळे असेल. असेलही. करवंदीच्या जाळ्या काळ्याभोर झालेल्या होत्या. ड्रायव्हरने गाडी थांबवली असती तर मी उतरून पदरभर आणली असती.

घाट उतरल्यावर मी एक चाळा लावून घेतला. रस्त्याकडेची बंद घरं मोजायची. लांबून सगळी सारखीच दिसतात, पण कोकणातल्या माणसाला लगेच ओळखता येतात. ज्या खळ्यावर सारवण आहे, दोरीवर काहीतरी वाळत आहे, ते नांदतं घर. खळ्यात गवत उगवून वाळून गेलेलं, पण तुळशीवृंदावन रंगवलेलं, ते गणपतीला आणि शिमग्याला उघडणारं घर. अशी फार. आणि कौलांत मधूनच काळं भोक पडलेलं, बेड्यापाशी वाटच न उरलेली, ती तिसऱ्या जातीची. आमच्या वाडीत चौदा घरं. त्यातल्या पाचांतून धूर निघतो. बाकीची माणसं गेली मुंबईला. पूर्वी गिरण्यांत गेली, आता कुठे कुठे गेली आहेत. इथे उरतात त्या म्हाताऱ्या, आणि किल्ल्या.

आमच्या घराची किल्ली शेजारच्या काकींकडे. त्यांनी मला खळ्यातूनच पाहिलं. "आलीस गो बाय!" म्हणाल्या आणि आधी तांब्याभर पाणी, गुळाचा खडा पुढे केला. मग कनवटीची किल्ली काढून दिली. बारा वर्षं ती त्यांच्याच कनवटीला!

कुलूप उघडायला खोबरेल घालावं लागलं. दार ढकललं तर पहिल्यांदा आला तो वास. ज्यांनी बंद घर उघडलं आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगता यायचं नाही. ओल, वटवाघूळ, जुनं भात आणि त्याच्याखाली कुठेतरी अजून आत्याच्या मिसरीचा. ओटी शाबूत होती. माजघर शाबूत होतं. देवघरातले देव आम्ही तेव्हाच नेले होते, तिथे कोनाडा रिकामा. बाळंतिणीच्या खोलीत मात्र वर आभाळ दिसत होतं. माझा जन्म त्याच खोलीतला.

घर पडतं कसं ते काकींनी मला बोटाने दाखवलं. भिंत आधी पडत नाही. वानर उड्या मारतात, एखादं कौल सरकतं. त्यातून पावसाचं पाणी रिपेवर पडतं, रीप कुजते, मग आणखी चार कौलं घसरतात. पाणी वाशावर येतं. वासा गेला की आढं वाकतं, आणि मग उघड्या भिंतीवर कोकणातला पाऊस! जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले असतात, ती माती धुपून गेली की चिरे सुटे होतात. तीन-चार पावसाळे पुरतात. सुरुवात एका कौलापासून. आत्या असती तर तिने मेमध्ये गडी बोलावून कौलं परतून घेतली असती, दर वर्षी घ्यायची. आणि रोज चूल पेटायची. जुनी माणसं म्हणत, धुराने लाकूड टिकतं.

जाता जाता सांगते, ज्यांना गावचं घर बंद ठेवून यावं लागतं त्यांनी दोन-तीन गोष्टी विसरू नयेत. गाद्या, गोधड्या ठेवूच नका, उंदरांचं फावतं. भांडी पुसून पालथी घालावी. विजेचं मेन बटण बंद करावं, पण बिल भरत राहावं, त्या बिलावरही नाव असतं. आणि घराचे कागद ट्रंकेत ठेवून त्यावर कडुनिंबाचा पाला टाकून येऊ नये, कागदच बरोबर आणावेत.

हे शेवटचं मी ट्रंक उघडल्यावर शिकले. आत्याची ट्रंक माजघरातल्या फळीवर होती, म्हणून वाचली. आत दोन नऊवारी, एक चष्मा, माझ्या लग्नातला फोटो आणि सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. घरपट्टीच्या पावत्या. खालच्या पिवळ्या पडून तुकडे व्हायला आलेल्या, वरच्या छापील. एकही वर्ष चुकलेलं नाही. प्रत्येक पावतीवर नाव आजोबांचं. आजोबा १९६१ साली वारले. आणि खाली, जिथे पैसे आणून देणाऱ्याचं नाव लिहितात तिथे, "हस्ते" आणि पुढे आत्याचं नाव. कुठे पूर्ण, कुठे नुसतं पहिलं अक्षर.

आत्याची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण तशी ती घरोघर असते. सतराव्या वर्षी लग्न, चार वर्षांनी नवरा गेला, मूलबाळ नाही, ती माहेरी परत आली. आजोबा असेपर्यंत त्यांचं केलं. मग थोरले काका मुंबईला गिरणीत, माझे वडील कोल्हापूरला शाळामास्तर, आणि घर तिच्या अंगावर. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. काकांचं सगळं बिऱ्हाड गावी आलं, दीड वर्ष राहिलं. तो आज सही मागणारा माझा भाऊ तेव्हा दहा वर्षांचा होता. आत्या त्याला पेजेत तूप घालून द्यायची आणि आपण बिनतुपाची प्यायची, हे त्यानेच मला एकदा सांगितलं आहे.

तर दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो. घरांच्या आकारणीची एक नोंदवही तिथे असते, तिला नमुना ८ म्हणतात. त्यात घराचा क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटा करणाऱ्याचं नाव, घर मातीचं की चिऱ्याचं, लांबी-रुंदी आणि कर. आमच्या घरापुढे मालक म्हणून आजोबा. भोगवटा करणारा कोण? तिथे लिहिलं होतं, "स्वतः". म्हणजे चौसष्ट वर्षांपूर्वी वारलेला माणूस सरकारी दप्तराप्रमाणे अजून त्या घरात राहतो आहे, आणि साठ वर्षं जिने ते घर राखलं ती तिथे कधी राहिलीच नाही! मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

मी तो पावत्यांचा गठ्ठा पुढे केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो आदबीने हातात घेतला, पण म्हणाले, "बाई, घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. कर कुणी भरला एवढंच ती सांगते." हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक असतं? आमच्या ओळखीत तर लोक वर्षानुवर्षं घरपट्टी भरतात आणि निर्धास्त असतात.

मग मालकी कुठे पाहायची? ते घर कुठल्या जमिनीवर आहे त्यावर अवलंबून आहे. गावठाणात असेल आणि मोजणी झालेली असेल तर मिळकत पत्रिका निघते. २०२० साली केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली, तीत ड्रोन उडवून गावठाणातल्या घरांचे नकाशे करतात. त्याच्या आधीच आपल्याकडे पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी तसा प्रयोग झाला होता. पण कोकणातली आमच्यासारखी घरं वाडीत, आपापल्या आगरात, शेताच्या नंबरातच उभी. तिथे सातबारा पाहायचा. सात म्हणजे हक्काचा नमुना, बारा म्हणजे पिकाचा. दोन्ही एकाच कागदावर म्हणून सातबारा. आता तो घरबसल्या फोनवर मिळतो. मुलीने मला निघण्यापूर्वीच काढून दिला होता, पण मला तो वाचता कुठे येत होता?

तो वाचून दाखवला तलाठीबाईंनी. (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण वाडीत अजून तलाठीच म्हणतात.) जेमतेम पंचविशीची मुलगी, स्कूटरवरून येणारी. तिने बोट ठेवलं. काकांचं नाव, आणि पुढे तीन अक्षरं, ए.कु.मॅ.

"म्हणजे काय गं?"

"एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी बाप गेला की थोरल्याचं नाव असं लावायचे. मालक एकटा तो नाही, सगळ्यांच्या वतीने आहे. पण पुढे पुढे थोरल्याच्या मुलांना वाटायला लागतं की आपलंच. त्यांचाही दोष नाही, कागदावर तेवढंच दिसतं ना."

काकाही १९९९ सालीच गेले. माझे वडील २००९ साली. कुणाच्याच वारसांची नोंद नाही. कायद्याने वारसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. आम्ही तीन महिने सोडाच, दोन पिढ्या कळवलं नव्हतं. असं राज्यभर झालं आहे, म्हणून तर २०२५ साली सरकारला 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढावी लागली. बुलढाण्यात सुरू झाली, मग सगळीकडे. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. "आत्ता दिलंत तर लवकर होईल," ती म्हणाली.

पण मला त्या १९६१ च्या नोंदीचं कुतूहल होतं. आजोबा गेल्यावर काय लिहिलं असेल? ती जुनी फेरफार नोंद तालुक्याच्या गावी अर्ज देऊन मिळाली. मोडी वळणाचं देखणं अक्षर. मयताचे वारस: मुलगे दोन. खाली एक ओळ: "मुलगी एक, ती दिल्या घरी नांदते."

दिल्या घरी! दहा वर्षं झाली होती तिला परत येऊन. ज्या दिवशी ही ओळ लिहिली गेली त्या दिवशी ती त्याच घरात होती. लिहिणाऱ्याला चहा तिनेच केला असेल.

कोल्हापुरातल्या वकीलबाईंना मी तिथूनच फोन लावला. त्यांनी सांगितलेलं मी एका जुन्या पाकिटावर टिपून घेतलं, ते असं. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. आजोबा त्यानंतर गेले, आजी त्यांच्या आधी गेलेली. तेव्हा घराचे तीन वाटे धरायचे, आजोबा आणि दोन मुलगे. मुलगे तर आपापले वाटेकरी आहेतच, पण आजोबांचा जो वाटा, त्याचे पुन्हा तीन, आणि त्यात मुलगीही. म्हणजे आत्याचा नववा हिस्सा होता, १९६१ पासून. नोंद झाली नाही म्हणून तो गेला नाही, कारण महसुलाच्या नोंदीने हक्क निर्माण होत नाही आणि नोंद नसल्याने बुडत नाही. मात्र त्याच कायद्यात एक तेविसावं कलम होतं. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे, मुलगे मागतील तेव्हाच. राहण्याचा हक्क तेवढा होता, तोही अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या मुलीला. ते कलम २००५ साली गेलं. आत्या तेव्हा पंचाहत्तरीला पोचली होती, आणि तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "राहू देतात हो मला," एवढंच ती म्हणे.

आणि माझं? महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला तो १९९४ साली. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. माझं लग्न १९८८ चं. पुढे २००५ च्या दुरुस्तीने ती अट उरली नाही, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात होते की नव्हते हे पाहायचं कारण नाही. मात्र २००४ च्या डिसेंबरपूर्वी रीतसर वाटण्या, विक्री झाल्या असतील तर त्या उकरून काढता येत नाहीत. आमच्यात वाटण्या कधी झाल्याच नव्हत्या. काकांची मुलगी, आमची बेबी (आता तिला नातू आहे, तरी बेबीच), तिचाही हक्क अगदी असाच.

बेबीला कुणी विचारलं होतं का? मी तिला विरारला फोन केला.

"नको गं बाई," ती पहिल्याच वाक्याला म्हणाली. "माझं नाव नको घालूस कुठे. दादा बोलायचा बंद होईल. भाऊबीजेला कुठे जाऊ मग?"

तिला काय सांगणार? मलाही तीच भीती होती. वाटणीपेक्षा मोठी. कायदा हिस्सा देतो, पण भाऊबीजेचं पाट-ताट तो मांडत नाही, आणि हे आपल्या भावांनाही चांगलं ठाऊक असतं. हिशेबाने नव्हे, पण असतं.

भाऊ शनिवारी आला, हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊनच. वहिनीही होती. आम्ही खळ्यात बसलो, आत बसवत नव्हतं. मी त्याला सरळ म्हटलं, "सही आज नाही करत. आधी वारसांची नावं लागू देत, सगळ्यांची. मग विकायचं की सोडायचं ते चौघं मिळून ठरवू. सोडायचंच तर मी काय सोडते आहे ते मला दिसलं तर पाहिजे!" आणि वर ऐकवलं की हक्कसोडपत्र नोंदणी केलेलंच लागतं, नुसतं नोटरीचं चालत नाही, आणि एकदा नोंदलं की मागाहून नको म्हणता येत नाही.

त्याचा चेहरा पडला. "तुलाही आता वाटा हवा झाला?" म्हणाला. इतकी वर्षं तो मला 'अहो ताई, जाहो ताई' करायचा नाही, पण असा आवाजही कधी काढला नव्हता. मी पावत्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. त्याने वरच्या दोन-चार पाहिल्या, मग १९८२ ची शोधून काढली. त्या साली तो तिथेच होता ना. बराच वेळ बघत बसला. मला वाटलं, आता विरघळेल. पण तसं काही झालं नाही. गठ्ठा खाली ठेवून म्हणाला, "आत्याचं सगळं मान्य आहे गं. पण गिऱ्हाईक थांबणार नाही." आणि काकींनी केलेली फणसाची भाजी न खाताच दोघं गेले. जाताना वहिनी मात्र मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, मला माझ्या माहेरचा सातबारा कसा काढायचा ते फोनवर सांगाल का?"

सोमवारी अर्ज दिला. मृत्यूचे दाखले आणि वारस कोण कोण त्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. त्यात सगळेच वारस लिहावे लागतात, आवडते-नावडते असं करता येत नाही, म्हणून बेबीचं नावही लिहिलं. माझा धाकटा भाऊ पुण्याहून "तू म्हणशील तसं" एवढंच म्हणाला. हे त्याचं लहानपणापासूनचं. तलाठीबाई फेरफार धरतात, नोटीस निघते, पंधरा दिवसांत कुणी हरकत घेतली तर ती तक्रार म्हणून वेगळी चालते, नाही घेतली तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. ते पंधरा दिवस मी कोल्हापुरात कशी काढले ते माझं मला माहीत. भावाने हरकत घेतली नाही. फोनही केला नाही.

आत्याचं नाव मात्र लागलं नाही. १९६१ च्या नोंदीतच ती नाही म्हटल्यावर त्यासाठी प्रांतांकडे अपील करावं लागतं, इतका उशीर का झाला त्याचं कारण देऊन. आणि तिला मूलबाळ नसल्याने बापाकडून आलेला तिचा नववा हिस्सा कायद्याने बापाच्या वारसांकडेच परत येतो, म्हणजे आमच्याकडेच. मग खटाटोप कशाला, असं 'ह्यां'चं म्हणणं. व्यवहाराने ते बरोबर आहे. मी अपिलाचा कागद लिहून ठेवला आहे. कारणाच्या जागी काय लिहावं ते सुचत नाही.

निघण्याआधी ग्रामपंचायतीत बारा वर्षांची थकलेली घरपट्टी भरली. नवीन पावती संगणकातून आली. नाव आजोबांचंच. "हस्ते कोण लिहू?" म्हणून विचारलं, मी माझं पूर्ण नाव सांगितलं.

मृगाआधी कौलं परतून घेतली. दोन गडी, दोन दिवस. बाळंतिणीच्या खोलीवर नवे वासे घालावे लागले, त्याचे पैसे धाकट्याने दिले. काकींनी उभं राहून काम करून घेतलं आणि उरलेली कौलं मोजून पडवीत रचून ठेवली. गिऱ्हाईकाचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

श्रावणात बेबीचा फोन आला. नवा सातबारा मी तिला नुसता बघायला म्हणून पाठवला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, त्यावर माझं नाव चुकीचं पडलंय गं. सासरचं आडनाव लिहिताना एक अक्षर खाल्लंय. ते दुरुस्त करायला काय करावं लागतं?"

म्हटलं, लिहिण्यातली चूक असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करून दुरुस्त होते. गणपतीला ये, दोघी जाऊ. आणि येताना एक चांगलं कुलूप आण, जुन्याची किल्ली आता फिरत नाही.